समुद्रतळाचा लिलाव आणि किनाऱ्यावरची माणसे

ऑगस्ट २०२३ मध्ये, मणिपूरच्या प्रश्नावरून संसदेत गदारोळ चालू असताना, समुद्रतळावरील खनिजांविषयीच्या २००२ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर झाले. त्यावर म्हणण्यासारखी चर्चा झाली नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या बंदरांवर तर त्याची वार्ताही पोहोचली नाही. परंतु ज्या कायद्याने कोकणातील श्रमजीवी माणसाच्या उपजीविकेचा तळच विक्रीयोग्य ठरतो, त्या कायद्याकडे समाजवादी कार्यकर्त्याने दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

दुरुस्तीचे सार असे. समुद्रतळावरील खनिजांचे हक्क यापुढे खाजगी कंपन्यांना लिलावाने द्यावयाचे. अणुखनिजे तेवढी सरकारी कंपन्यांसाठी राखून ठेवावयाची. उत्पादनाचा पट्टा पन्नास वर्षांचा. एका व्यक्तीला किंवा कंपनीला एका खनिजासाठी मिळू शकणारे कमाल क्षेत्र ४५ मिनिटे अक्षांश गुणिले ४५ मिनिटे रेखांश. ही मिनिटांची भाषा निरुपद्रवी वाटते. ती जरा किलोमीटरांत मांडून पाहावी. मालवणच्या अक्षांशावर या चौकोनाची प्रत्येक बाजू ऐंशी किलोमीटर किंवा त्याहून किंचित अधिक भरते, आणि क्षेत्रफळ साडेसहा हजार चौरस किलोमीटरांच्या वर जाते. संबंध सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका जिल्ह्याहून मोठा समुद्रतळ एका कंपनीच्या हाती जाऊ शकतो. जमिनीवर असे घडते तर कमाल जमीनधारणेचा प्रश्न उपस्थित झाला असता. पाण्याखालच्या जमीनदारीला मात्र आपण अजून नावही दिलेले नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या लिलावाची घोषणा झाली. त्यात तेरा पट्टे होते : गुजरातसमोर चुनखडीच्या गाळाचे तीन, केरळसमोर बांधकामाच्या वाळूचे तीन आणि ग्रेट निकोबारनजीक बहुधात्विक गोळ्यांचे व कवचांचे सात. सिंधुदुर्गासमोरचा एकही पट्टा या यादीत नव्हता, हे खरे. म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोंदीनुसार गुजरात व महाराष्ट्र यांच्या समोरील सागरी क्षेत्रात चुनखडीच्या गाळाचा साठा १,५३,९९६ दशलक्ष टन, म्हणजे पंधरा हजार कोटी टनांहून अधिक आहे. जड खनिजांच्या वाळूचे साठे असलेल्या राज्यांतही महाराष्ट्राचे नाव आहे. माल मोजून झाला आहे. गिऱ्हाईक केव्हा येते एवढाच प्रश्न उरतो.

हा माल म्हणजे काय, तो कसा साठला, हे समजून घेतल्यावाचून या प्रश्नावर भूमिका घेता येणार नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज ज्याला आपण मालवणचा समुद्र म्हणतो, त्याच्या तळाचा फार मोठा भाग त्या काळी कोरडी जमीन होता आणि किनारा पश्चिमेकडे दूर होता. पुढे बर्फ वितळले, पाणी चढत गेले आणि ती जमीन बुडाली. हीच आपली समुद्रबूड जमीन, म्हणजे भूखंडमंच. त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात आज सापडणारी चुनखडीयुक्त वाळू व गाळ हा बहुतांशी त्या जुन्या उथळ समुद्राचा अवशेष आहे. आतल्या पट्ट्यात, साधारण पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत, नद्यांनी आणलेल्या चिखलाचा थर आहे. बाहेरचा साठा हजारो वर्षांपूर्वीच्या परिस्थितीत तयार झाला. ती परिस्थिती आता नाही. एकदा उपसला की तो पुन्हा साठणार नाही.

याच तळावर एक उंचवटा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, भोवतालच्या खोल पाण्यातून वर येणारे हे विस्तीर्ण पठार आंग्रिया बँक या नावाने ओळखले जाते. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला लाभले आहे. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम वीस-पंचवीस मीटरांवर आहे आणि त्यावर प्रवाळांची वस्ती आहे.

आता पहिला प्रश्न असा की, हे सर्व ज्ञान आले कोठून? ते कोणा कंपनीने मिळविलेले नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे, मालवणपासून सरळ रेषेत सत्तर किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. या संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून पहिला बहुधात्विक गोळा वर काढला. 'सागर सम्राट' या सरकारी तेलफलाटाने १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल शोधले. जहाजे, उपकरणे, शास्त्रज्ञांचे पगार, हा सारा खर्च जनतेच्या करांतून झाला. मीठ-मिरची खरेदी करणाऱ्या मच्छीमार स्त्रीने अप्रत्यक्ष करांच्या रूपाने त्यात आपला वाटा घातला आहे. संशोधनाची जोखीम समाजाने पत्करावयाची आणि नफ्याची वेळ आली की पट्टा खाजगी कंपनीला द्यावयाचा, हा भांडवलशाहीचा जुना व्यवहार आता समुद्रतळापर्यंत पोहोचला आहे.

यातील विसंगती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या संदर्भात अधिकच ठळक होते. १९६७ मध्ये माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडणी केली की, राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळ हा मानवजातीचा समाईक वारसा मानला जावा. १९७० च्या जाहीरनाम्यात आणि १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हे तत्त्व स्वीकारले गेले. भारत त्या कराराचा पक्ष आहे. मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटरांच्या क्षेत्रात गोळ्यांचे अन्वेषण करण्यासाठी आपण २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केला, तो याच तत्त्वाच्या चौकटीत. म्हणजे जेथे कोणी माणूस राहत नाही, ज्या तळावर कोणाचे जाळे पडत नाही, तो तळ समाईक वारसा. आणि ज्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या गाबीत व इतर मच्छीमार जगत आले, त्याचा तळ मात्र लिलावाचा माल! दूरचे समाईक आणि जवळचे विक्रीस, हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

लिलावाचे समर्थक तीन युक्तिवाद करतात. पहिला असा की, देशाला निकेल, कोबाल्ट यांसारख्या दुर्मीळ धातूंची गरज आहे. गरज असेल; परंतु पहिल्या तेरांपैकी सहा पट्टे कशाचे होते? चुनखडीचा गाळ आणि बांधकामाची वाळू. सिमेंट व काँक्रीट यांच्या कच्च्या मालासाठी दुर्मीळ धातूंचे नाव पुढे करणे ही दिशाभूल आहे.

दुसरा युक्तिवाद असा की, हे पट्टे किनाऱ्यापासून दूर आहेत, तेथे कोणाचे काय बिघडणार? समुद्रात कुंपण नसते. तळ उपसला की गाळाचा लोट पाण्यात पसरतो आणि प्रवाहाबरोबर वाहतो. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्याची एक खास परिस्थिती आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी भूखंडमंचावर चढते. पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर झाकणासारखा बसतो. खाली कुजणारे जैव द्रव्य उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळालगतच्या पाण्यात प्राणवायूची तीव्र तूट होते, हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे डॉ. नक्वी व त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. अशा आधीच गुदमरलेल्या समुद्रात तळाचा चिखल ढवळला, तर त्यातील कुजके द्रव्य आणखी प्राणवायू शोषणार. त्याचे परिणाम मासळीवर काय होतील, हे आधी तपासावयाचे की पट्टा दिल्यानंतर?

तिसरा युक्तिवाद महसुलाचा. तो तर अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पटू नये. पुन्हा न साठणारे खनिज विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे; ते भांडवलाचे विसर्जन आहे. घरातील तुळया विकून चूल पेटविणाऱ्याला कोणी कमावता म्हणत नाही. मासळी हे मात्र नवे होणारे धन आहे. समुद्र राखला तर ती दरवर्षी येते. या व्यवहारात पन्नास वर्षांचा पट्टा जमेच्या बाजूला आणि शेकडो वर्षे चालू शकणारी मासेमारी कोणत्याच बाजूला नाही. महसूल तरी कोणाचा? संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार समुद्रतळाची खनिजे संघराज्याकडे निहित आहेत, आणि त्यांचे स्वामित्वधन केंद्राच्या तिजोरीत जाते. २०२३ च्या दुरुस्तीने निर्माण केलेल्या खनिज न्यासाचा कारभारही केंद्राकडेच. रेडीच्या खाणीतले लोहखनिज वर्षानुवर्षे बोटींत भरून गेले. पण तेव्हा निदान खड्डा कोठे पडला हे गावाला दिसत होते. समुद्रातला खड्डा दिसणारही नाही.

येथे सरकारी धोरणाचा दुटप्पीपणा नोंदविला पाहिजे. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवाळांचे रक्षण व्हावे याविषयी दुमत नाही. परंतु स्थानिक मच्छीमारांना विश्वासात न घेता वरून लादलेल्या निर्णयाला मालवणात दीर्घकाळ विरोध झाला, आणि तो स्वाभाविक होता. २९ चौरस किलोमीटरांत रापणकराच्या जाळ्यामुळे निसर्ग धोक्यात येतो, आणि हजारो चौरस किलोमीटरांत तळ उपसणाऱ्या यंत्रांमुळे मात्र 'नील अर्थव्यवस्था' फुलते! गरिबाने समुद्राला हात लावला तर तो अपराध, धनिकाने पोखरला तर विकास. या तर्काला विज्ञानाचा आधार नाही. तो वर्गीय तर्क आहे.

परंतु टीका करताना आपल्याच गोटातील दोन गैरसमजांकडेही पाहिले पाहिजे. काही सहकाऱ्यांना सर्वेक्षणाचे जहाज दिसले की ते शत्रूचे वाटते. हे चूक आहे. समुद्रविज्ञान आपला शत्रू नाही. वर मांडलेला प्राणवायूचा मुद्दा त्याच विज्ञानाने आपल्या हाती दिला आहे. मागणी सर्वेक्षण थांबविण्याची नव्हे, ते सर्वांसमोर आणण्याची असली पाहिजे. हैदराबादच्या केंद्राकडून मासळी कोठे सापडेल याचे अंदाज आज मच्छीमारांना मिळतात. तसेच तळाचे नकाशे मराठीत मिळण्यात अडचण कोणती? दुसरा गैरसमज असा की, 'मच्छीमार' हा एकजिनसी वर्ग आहे. तो तसा नाही. पर्ससीन जाळ्यांचे आणि एलईडी दिव्यांचे मालक आणि रापणीचा वाटा घेणारा मजूर यांचे हितसंबंध एक नाहीत, हे मालवणच्या समुद्रातील संघर्षांनी वारंवार दाखविले आहे. उद्या एखादी कंपनी नुकसानभरपाई घेऊन आली, तर ती कोणाशी बोलणी करील, याचा अंदाज कार्यकर्त्यांनी आजच बांधावा.

केरळने या बाबतीत वाट दाखविली आहे. कोल्लमसमोरच्या वाळूच्या पट्ट्यांविरुद्ध २७ फेब्रुवारी २०२५ रोजी तेथील मच्छीमारांनी किनारपट्टी बंद ठेवली, आणि मार्चमध्ये केरळच्या विधानसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला. तेथे पट्टे जाहीर झाल्यावर लोक उठले. आपल्याला त्याआधीच उठण्याची संधी आहे.

म्हणून सिंधुदुर्गातील कार्यकर्त्यांनी चार मागण्या घेऊन बंदराबंदरांवर जावे. एक, महाराष्ट्रासमोरच्या समुद्रतळाच्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष मराठीत, नकाशांसह, प्रत्येक मच्छीमार सहकारी सोसायटीत उपलब्ध व्हावेत. दोन, कोणताही पट्टा लिलावात काढण्यापूर्वी किनाऱ्यावरील गावांत जाहीर सुनावणी व्हावी. आजच्या कायद्यात ग्रामसभेच्या संमतीला स्थान नाही, ते मिळविले पाहिजे. तीन, परिणामांचा अभ्यास पट्टा घेणाऱ्या कंपनीने नव्हे, तर सार्वजनिक संस्थेने, पावसाळा व त्यानंतरचे महिने धरून, पूर्ण वर्षभर करावा. चार, आंग्रिया बँकेला १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याखाली संरक्षण मिळावे. ती प्रादेशिक समुद्राच्या बारा सागरी मैलांच्या बाहेर आहे. तेथे सागरी पर्यावरणाच्या रक्षणासाठी क्षेत्र नियुक्त करण्याचा अधिकार हा कायदा केंद्र सरकारला देतो. मात्र मालवणची पुनरावृत्ती नको : त्या क्षेत्राच्या व्यवस्थापनात पारंपरिक मच्छीमारांचे प्रतिनिधी पहिल्या दिवसापासून असले पाहिजेत.

या मागण्यांसाठी प्रथम अभ्यासवर्ग घ्यावे लागतील. भूखंडमंच म्हणजे काय, बारा सागरी मैल म्हणजे काय, स्वामित्वधन कोठे जाते, हे जेव्हा देवबागच्या रापणकराला आणि आचऱ्याच्या मासळी विकणाऱ्या बाईला ठाऊक असेल, तेव्हा दिल्लीतल्या लिलावाची नोटीस किनाऱ्यावर वाचली जाईल. कूळकायद्याच्या काळात आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव सातबारा वाचायला शिकविले. आता समुद्रतळाचा नकाशा वाचायला शिकविण्याचे काम समोर आहे, आणि त्याला लागणारा वेळ अजून आपल्या हाती आहे.