गोळीबंद पाक आणि फाँडंट

मागील महिन्यात चिखलीला आमच्या एका सहकाऱ्यांकडे मुलीचा वाढदिवस होता. केकवर शुभ्र, गुळगुळीत आवरण आणि त्यावर गुलाबी पाकळ्या. कौतुक झाले, छायाचित्रे निघाली. मग मुलांनी ते आवरण सोलून बशीच्या कडेला ठेवले. खरे सांगायचे तर आम्हीही ठेवले.

हे आवरण म्हणजे फाँडंट. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘वितळणारे’. मूळ फाँडंट तसेच असते. साखरेचा पाक सुमारे ११५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचा, निववायचा आणि घोटत राहायचे. स्फटिक इतके बारीक होतात की जिभेला कण लागत नाही. केकवर लाटून अंथरतात ते त्याचे चुलत भावंड : पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन आणि बहुधा प्राणिज जिलेटिन. ते आकार धरते, पण विरघळण्याचा मूळ गुण त्यात उणावतो. अलंकार अंगचा नसला की तो सोलला जातो, हे काव्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

केकच्या शिकवणीत या पाकाला ‘सॉफ्ट बॉल स्टेज’ म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरात तो ‘गोळीबंद पाक’. थंड पाण्यात थेंब टाकायचा आणि गोळी वळते का ते पाहायचे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही तापमापीविना बोटांनी केलेली मोजणी होय. होळीला आपल्याकडे मुलांच्या गळ्यात पडणाऱ्या गाठी साच्यात पाक ओतूनच होतात. संक्रांतीच्या हलव्यासाठी तिळावर किंवा खसखशीवर थोडा थोडा पाक घालत, मंद आचेवर हलवत काटा फुलवतात. फाँडंटमध्ये जो स्फटिक लपवायचा, तोच हलव्यात मिरवायचा. साखर एकच, शास्त्रही एकच.

आमचा आग्रह स्वदेशीचा नाही. केक आणि बिस्किटाप्रमाणे फाँडंटही खुशाल मराठी शब्द व्हावा. खंत निराळी आहे. एम.ए.च्या वर्गात आम्ही ‘गोळीबंद’चा अर्थ विचारला, तेव्हा एका विद्यार्थ्याने त्याचा संबंध बंदुकीशी जोडला. वर्ग हसला, पण नेमका अर्थ हसणाऱ्यांपैकीही कुणाला सांगता आला नाही. शब्द गेला की त्यामागची बोटांची पारख अडाणी ठरते आणि तेच ज्ञान शुल्क भरून परक्या नावाने शिकावे लागते.

बोलींच्या प्रकल्पासाठी आपण ओव्या आणि म्हणी गोळा करतोच. यंदा विद्यार्थ्यांनी आजीजवळ बसून पाकाचे शब्दही टिपून आणावेत. ते सांगणारी बोटे अजून घराघरांत आहेत.