अध्यक्षांचे घर आणि चाकूरचे खळे

अमेरिकेचा अध्यक्ष म्हणजे जगातील सर्वांत सामर्थ्यवान पुरुष, हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. परंतु त्या देशाची राज्यघटना उघडून पाहिली, तर कर बसविण्याचा आणि परराष्ट्रांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार तिने अध्यक्षास दिलेला नसून काँग्रेसला दिला आहे, असे आढळेल. खजिन्याची किल्ली काँग्रेसच्या कमरेला, कायद्याचा अर्थ न्यायालयाच्या हाती, आणि पन्नास घटकराज्ये आपापल्या हक्कांविषयी दक्ष. घरात असा चहूकडून बांधला गेलेला कर्ता पुरुष उंबऱ्याबाहेर मात्र बराच मोकळा असतो. आणि घरातील अडचण बाहेर आवाज चढवून निभावून नेण्याचा मोह त्याला होतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकीर्दीतील आयातकराचे प्रकरण या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील पुष्कळशी विसंगती उलगडते.

वाचकांस स्मरत असेलच की, २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावर प्रथम २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आणखी २५ टक्के कर लादण्यात आला. दुसऱ्या करास कारण सांगण्यात आले ते रशियाकडून आपण घेत असलेल्या तेलाचे. ते तेल चीन आपल्याहून अधिक घेत होता. त्याला हा दंड झाला नाही. तत्त्वाचाच प्रश्न असता, तर हा पंक्तिप्रपंच घडता ना. चीनपाशी दुर्मिळ खनिजे होती, आणि दुसरेही एक शस्त्र होते, ज्याची आमच्या मराठवाड्यातील वाचकास चांगली ओळख आहे. ते म्हणजे सोयाबीन. चीनने २०२५ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेचे सोयाबीन घेणे जवळजवळ थांबविले आणि आपली गरज ब्राझीलकडून भागविली. आयोवा आणि इलिनॉय येथील ज्या शेतकऱ्यांनी ट्रम्प यांना भरभरून मते दिली, त्यांच्याच कोठारांत माल पडून राहिला. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातील बुसान येथे उभय राष्ट्रप्रमुख भेटले. चीनने पुढील तीन वर्षे दरसाल अडीच कोटी टन सोयाबीन घेण्याचे मान्य केले आणि अमेरिकेने चिनी मालावरील कर काही अंशी उतरविला. तेवढ्यानेही शेतकऱ्यांचे समाधान होईना, म्हणून डिसेंबरात त्यांच्यासाठी १२ अब्ज डॉलरांचे साहाय्य जाहीर करावे लागले.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातील आहे. २०२५ च्या नोव्हेंबरारंभी व्हर्जिनिया, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहर येथील निवडणुकांत महागाईने त्रासलेल्या मतदारांनी सत्ताधारी पक्षास हात दाखविला. पंधरवडाही लोटला नाही तोच कॉफी, केळी, गोमांस, चहा, मसाले यांवरील नवा कर मागे घेण्यात आला. आपल्या मसाल्यांना आणि चहाला त्याचा लाभ झाला, तो दिल्लीच्या मुत्सद्देगिरीने मिळालेला नव्हे. अमेरिकन गृहिणीच्या बाजारहाटाच्या हिशेबाने मिळवून दिलेला होय.

पुढे २० फेब्रुवारी २०२६ रोजी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, १९७७ च्या ज्या आणीबाणीविषयक कायद्याच्या आधारे हे कर बसविले होते, तो कायदा अध्यक्षास कर बसविण्याचा अधिकार देतच नाही. निर्णय देणाऱ्या बहुमतात स्वतः ट्रम्प यांनी नेमलेले न्यायाधीशही होते, हे त्या लोकशाहीच्या श्रेयाच्या खाती लिहिले पाहिजे. अध्यक्षांनी लागलीच १९७४ च्या दुसऱ्या एका कायद्याकडे धाव घेतली. परंतु त्यात कराला १५ टक्क्यांची आणि मुदतीला १५० दिवसांची मर्यादा आहे. शिवाय २०२६ हे वर्ष प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांच्या निवडणुकीचे.

आता प्रश्न असा की, हे सारे चालू असता आपण काय केले? न्यायालयाच्या निर्णयाला तीन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा फेब्रुवारीच्या आरंभीच आपण तडजोडीच्या रूपरेषेस संमती देऊन मोकळे झालो. आपल्यावरील कर १८ टक्क्यांवर येणार, आणि त्याच्या मोबदल्यात ज्या अमेरिकन मालाला आपण वाट मोकळी करून देणार, त्यांत सोयाबीनचे तेल, जनावरांच्या खाद्यासाठी तांबडी ज्वारी आणि इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा ही नावे होती. धान्य आणि दूध सुरक्षित राखले, असे सरकारकडून सांगण्यात आले. ते खोटे नाही. पण चाकूरच्या शेतकऱ्याने त्या यादीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

एक क्विंटल सोयाबीन तेलगिरणीत घातले, तर तेल निघते सुमारे १८ किलो. उरते ती सुमारे ८० किलो पेंड. म्हणजे सोयाबीनला आपण तेलबी म्हणत असलो, तरी त्याचा भाव मोठ्या प्रमाणात पेंड ठरविते, आणि पेंडीचे मोठे गिऱ्हाईक आहे कुक्कुटपालनाचा धंदा. मक्याचा तो चोथा नेमका त्याच धंद्यात पेंडीची जागा घेतो. देशातील इथेनॉल कारखान्यांच्या चोथ्याने हे काम आधीच सुरू केले होते; त्यात परदेशी चोथ्याची भर पडणार. वरून सोयाबीनचे तेल स्वस्त येणार. चाकूर, अहमदपूर, उदगीर येथून लातूरच्या आडत बाजारात येणाऱ्या मालाला ही कात्री दोन्ही बाजूंनी लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि त्या हंगामात पुष्कळसा माल त्याहून बऱ्याच कमी भावाने गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने लातूर-नांदेड भागातील पिके पाण्याखाली गेली होती, हे निराळे सांगावयास नको.

सारा दोष वॉशिंग्टनच्या माथी मारणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले असता, बारा लाख टन पेंड आयात करण्याची परवानगी दिल्लीनेच दिली होती. तेव्हा कोणा परकीयाने दडपण आणल्याचे ऐकिवात नाही. कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ रोजी उठविले आणि नंतर त्याची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली, तीही ऐन वेचणीच्या तोंडावर.

तांबडी ज्वारी हे नाव यादीत वाचून येथील वृद्धांस काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. १९७२ च्या दुष्काळात शिधावाटप दुकानातून मिळालेली परदेशी ‘मिलो’ त्यांच्या जिभेवर अजून आहे. शाळेत शिकवीत असताना आम्ही भूगोलाच्या तासाला अमेरिकेचा मक्याचा पट्टा नकाशावर दाखवीत असू, आणि मुले विचारीत की, याचा आपल्याशी काय संबंध. त्या वेळी आम्ही दिलेली उत्तरे गुळमुळीत होती, हे कबूल केले पाहिजे. नीट उत्तर त्याआधीच्या इतिहासात होते. १९६५-६६ च्या अवर्षणात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी भारताला गहू दिला, पण तो महिन्या-महिन्याच्या बोलीने. घरी सामाजिक सुधारणांचा खर्च, बाहेर व्हिएतनामचे वाढते युद्ध, काँग्रेसमध्ये परकीय मदतीस विरोध. आणि वर व्हिएतनामवरील बॉम्बफेकीबद्दल भारताने बोललेले चार शब्द त्यांना झोंबलेले. आपल्या ताटातील पोळी त्या साऱ्या हिशेबात अडकली होती. चिदंबरम सुब्रह्मण्यम् यांनी तेव्हा संतापाची भाषणे करीत न बसता मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे आणविले. तेलबियांच्या बाबतीत तसे काही गेल्या तीस वर्षांत घडलेले नाही. खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून मोठा हिस्सा आपण अजून बाहेरूनच आणतो.

डंकेल प्रस्तावावरून १९९० नंतरच्या वर्षांत संसदेत रणे माजली, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी चाकूरचेच सुपुत्र, कै. शिवराज पाटील चाकूरकर होते. ते वाद रटाळ झाले, कित्येक भाषणे अज्ञानमूलकही होती. पण निदान काय देतो आहोत आणि काय घेतो आहोत, यावर सभागृहात बोलणे होत असे. अमेरिकेत करार टिकणार की नाही हे तेथील न्यायालय, मतदार आणि शेतकरी ठरवितात, हे एकदा दिसून आल्यावर आपणही आपल्या सवलतींना मुदत आणि मर्यादा घातली पाहिजे. चोथा किती टन येणार, तेल किती आणि कोणत्या शुल्काने, समोरच्याने कर पुन्हा चढविला तर आपली सवलत आपोआप रद्द होणार काय, याचे तपशील सही होण्यापूर्वी संसदेपुढे ठेवावेत. आणि अध्यक्षांना आपल्या शेतकऱ्यासाठी १२ अब्ज डॉलर काढावे लागले, त्या अर्थी येथेही सोयाबीनची खरेदी केंद्रे रास घरी येण्याच्या आत उघडण्यास, आणि ओलाव्याच्या टक्क्यावरून माल परत न पाठविण्यास, सरकारला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.