हाताची घडी, तोंडावर बोट आणि जपानमधलं रताळं

मंडळी, आज जरा गावाबाहेरचं लिहितो. पाणीपट्टी आणि बायपासचे खड्डे उद्या आहेतच, ते कुठं जात नाहीत.

परवा रविवारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. जावई आयटीत, टोकियोच्या एदोगावा भागात राहतात. तिथं आपली भारतीय मंडळी बरीच आहेत. त्यांची साडेतीन वर्षांची लेक तिथल्या 'होइकुएन'मध्ये जाते. होइकुएन म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. नात्यानं मी तिचा आजोबा लागतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी आजोबा व्हावं लागलंय, इलाज नाही.

पोरगी म्हणाली, "आजोबा, हात दाखवा." मग तिनं भाजलेल्या रताळ्याचं गाणं सुरू केलं. पोटात भूक बोलायला लागली की मूठ, गरम रताळ्याचा चटका बसला की दोन बोटांची कात्री, खाऊन संपलं की रिकामा पंजा. शेवटी दगड-कागद-कात्रीचा डाव. तीन डाव झाले, तिन्ही मी हरलो.

जपानीत याला 'तेआसोबी' म्हणतात. ते म्हणजे हात, आसोबी म्हणजे खेळ. आता तिकडं शरद ऋतू आहे, त्यामुळं बालवाड्यांत रताळी, चेस्टनट, ओकची फळं आणि चतुर यांचीच गाणी. नुसती गाणी नाहीत हं. मुलांना शेतात नेऊन रताळी उपटायला लावतात. फिरायला गेलं की ओकची फळं खिशात भरून आणतात, त्यात काडी खोचून भोवरे करतात. ओकचं फळ गडगडत तळ्यात पडतं आणि चिखलातला मासा त्याच्याशी खेळायला येतो, हे 1921 सालचं गाणं मग त्या मुलांसाठी पुस्तकातलं राहत नाही. ते फळ त्यांच्या खिशात असतं.

चतुराच्या चष्म्याचं एक गाणं आहे, 1949 सालचं. ते लिहिणारे नुकागा सेइशी हे फुकुशिमातल्या हिरोनो नावाच्या छोट्या गावचे डॉक्टर. निळ्या आभाळात उडाला म्हणून चष्मा निळा, संध्याकाळच्या ढगांतून गेला म्हणून लाल, एवढीच कल्पना. पेशंट बघून उरलेल्या वेळात गावच्या डॉक्टरनं पोरांसाठी गाणं लिहावं आणि ते अख्ख्या देशानं म्हणावं! 2011 च्या अणुदुर्घटनेत हेच हिरोनो रिकामं करावं लागलं होतं. गाणं मात्र सगळीकडं चालूच आहे.

आता मुद्द्यावर येतो.

ही पोरगी एप्रिलमध्ये तिथं दाखल झाली तेव्हा तिला जपानीचा एक शब्द येत नव्हता. भाची सांगत होती, "मामा, दोन महिने शाळेत तोंडच उघडलं नाही तिनं. मी रोज बाहेर येऊन रडायचे." मग एक दिवस बाईंनी सांगितलं, आज हिनं सगळ्यांबरोबर हात केले. बोलली नाही, फक्त हात केले. शब्द त्यानंतर आले. ज्या लेकराला भाषा येत नाही, त्याला वर्गात शिरायला हाताएवढं दार पुरलं.

आणि हे खेळ बाई कधी घेतात? जेवणाआधी, गोष्टीआधी, सगळे हात धुऊन येईपर्यंत. म्हणजे नेमकं ज्या वेळी आपल्याकडं "गप्प बसा" ऐकू येतं त्या वेळी. बाई ओरडत नाहीत. हात सुरू करतात, एकेक पोर बघत बघत सामील होतं, आणि दंगा आपोआप गाण्यात जातो.

आपल्याकडं त्याच क्षणाला काय असतं? हाताची घडी, तोंडावर बोट.

आपण सगळे त्यातूनच आलोय. शाळेत शिकलेली ही पहिली हाताची कृती, आणि ती हात बंद करण्याची. माझा मुलगा नर्सरीत असताना घरी येऊन टेडीला अशीच घडी घालायला लावायचा. मला तेव्हा हसू आलं होतं. त्याहून वाईट म्हणजे काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका अंगणवाडीचा फोटो छापलाय. तीसेक पोरं, सगळ्यांची घडी, सगळ्यांच्या ओठांवर बोट. ओळ दिली होती, 'शिस्तबद्ध चिमुकले'. परवा तो अंक काढून बघितला. एकाही पोराच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

जपान म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाही. चार-पाच वर्षांच्या 30 मुलांमागं एक शिक्षिका हा नियम तिथं 76 वर्षं तसाच होता, 2024 मध्ये तो 25 वर आला. कमी पगार आणि माणसांची टंचाई ही तिथलीही रड आहे. 2022 च्या डिसेंबरात शिझुओका प्रांतात मुलांना वाईट वागवल्याबद्दल तीन शिक्षिकांना अटकही झाली होती. पण एक गोष्ट त्यांनी पक्की धरलीय. गाणं, चित्र आणि गोष्ट सांगणं हे कौशल्य आहे असं ते मानतात. परवान्याच्या परीक्षेत या तिन्हींपैकी दोन विषयांचं प्रात्यक्षिक द्यावं लागतं. आमच्या अंगणवाडी ताईची परीक्षा रोज मोबाईलवर असते. पोषणाची माहिती ॲपमध्ये भरली का, वजन टाकलं का, फोटो गेला का. त्यात नेटवर्क नाही. तिनं गाणं कधी म्हणायचं?

आणि हे काही आपल्याला परकं नाही. आपडी-थापडी काय आहे? हातखेळच की. आजीच्या मांडीवर सगळे खेळलोय. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. पुढं कोसबाडला त्यांनी पाड्यावरच्या पोरांना पाड्यावरच्याच वस्तूंनी शिकवलं. म्हणजे वाट आपल्याकडंही होती, आपण ती इंग्रजी राइम्सच्या स्पीकरखाली बुजवली. बाहेर ज्वारी हुरड्यावर आलेली असते आणि आत पोरं बर्फाचं गाणं म्हणत असतात.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. आपल्या तालुक्यातल्या ज्या ताई, आज्या, मावश्यांना हातखेळ येतात, त्यांनी ते कॉमेंटमध्ये लिहा किंवा मला आवाजात पाठवा. हुरड्याचे, बोरांचे, चिंचांचे, कसलेही. मी ते गोळा करून अंगणवाड्यांपर्यंत पोचवतो. सरकारी आदेशाची वाट बघायची गरज नाही, याला निधी लागत नाही.

आणि पुढच्या वेळी अंगणवाडीत फोटो काढायला गेलो, तर आधी पोरांना घडी सोडायला सांगेन. फोटो हलला तर हलला.