रिकव्हरी की उतारा?

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर घनसावंगी तालुक्यात ऊस वाढला आणि त्याच्या मागोमाग कुंभार पिंपळगावच्या बाजारात ‘रिकव्हरी’ हा इंग्रजी शब्दही आला. परंतु एकाच शब्दाने बँकेच्या नोटिशीत धडकी भरवावी, दवाखान्यात धीर द्यावा आणि कारखान्याच्या हिशेबात उसाचा भाव ठरवावा, ही त्याची त्रिविध सत्ता मला तरी उपकारक वाटत नाही. निजामी अमलापासून कचेरीत रुळलेली ‘वसुली’ कर्जाला पुरते, आजाऱ्याला ‘उतार’ पडतो, आणि शंभर किलो उसातून साडेदहा किलो साखर निघाली म्हणजे साडेदहा टक्के ‘उतारा’ पडला, हे शेतकऱ्यास कोशावाचून समजते. (सातबाऱ्याचा उतारा निराळा, तो तलाठ्याकडचा!) हा केवळ शब्दच्छल नव्हे, कारण २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरविलेला क्विंटलमागे ३५५ रुपयांचा दर १०.२५ टक्के उताऱ्याशी बांधलेला असून, त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्यास ३.४६ रुपये अधिक मिळावयाचे आहेत. तेव्हा कारखान्यांनी उसाच्या बिलावर ‘उतारा’ असेच छापावे, आणि चष्म्यावाचून वाचता येईल इतके ठळक छापावे.