झाशीचा वृत्तान्त : संशोधन आणि अध्यापन

विद्यापीठीय संशोधनाचा शिक्षणावर प्रभाव पडतो, हे आपण बहुधा गृहीत धरतो. तो प्रभाव कोठवर पोहोचतो, हे पाहण्यास झाशीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले. राणीचा कारभार, नगराची लूट, कत्तल हे सारे त्यांनी पाहिले. तेथील मोठ्या ग्रंथसंग्रहाच्या नाशाविषयीही त्यांनी विषादाने लिहिले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र संपादन करताना मूळ मजकुरात फेरफार केले. भारत इतिहास संशोधक मंडळातील हस्तलिखितावरून मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी वाचकांपुढे ठेवली ती १९६६ मध्ये. म्हणजे शुद्ध पाठ हाती येण्यास ५९ वर्षे लागली.

संशोधनाने आपले कार्य केले. अध्यापनाने त्याचे काय केले? हिंदी भाषक मुलांना राणी प्रथम भेटते ती सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेतून. त्या कवितेची थोरवी निर्विवाद आहे. परंतु कविता म्हणजे साक्ष नव्हे. झाशीचा हा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त मराठीत आहे. अमृतलाल नागर यांनी तो ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत नेला, म्हणूनच ज्या नगरीची ही कथा, तेथील विद्यार्थ्याला तो आपल्या भाषेत वाचता येतो. संशोधनाची फळे भाषेची सीमा ओलांडतात ती अशा अनुवादकांच्या खांद्यावरून; आपल्या विद्यापीठीय मूल्यमापनात मात्र या श्रमाला दुय्यम स्थान मिळते.

पाठभेदांची चर्चा कोवळ्या वयाला झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु पाठभेद शिकवावेत, असे आमचे म्हणणे नाही. कोणी पाहिले, केव्हा लिहिले, मध्ये कोणाचा हात फिरला, हे तीन प्रश्न शाळकरी मुलालाही विचारता येतात. १९७५ मध्ये झाशीत स्थापन झालेल्या बुंदेलखंड विद्यापीठासारख्या संस्थेने आणि महाराष्ट्रातील मराठी विभागांनी मिळून गोडसे यांच्या निवडक उताऱ्यांची शिक्षकांसाठी द्विभाषिक पुस्तिका सिद्ध केली, तर ते एखाद्या प्रबंधाहून कमी मोलाचे कार्य ठरू नये. चिकित्सक संहिता ग्रंथालयाच्या कपाटात राहिली, तर ती सुरक्षित राहील. शिक्षणावर तिचा प्रभाव पडला, असे मात्र म्हणता येणार नाही.