विश्लेषण : अमेरिकेत ‘नवे, पण जुन्या मॉडेलचे’ ट्रेलर स्वस्तात का मिळतात? ही खरेदी फायद्याची कधी ठरते?

मोटारीच्या मागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. झोपण्याची जागा, शेगडी, फ्रिज आणि शौचालय अशी सोय असल्याने अमेरिकेत सुट्टीतील भटकंतीसाठी ते लोकप्रिय आहेत. तिथल्या डीलरांकडे एक-दोन वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे, पण एकदाही न विकले गेलेले ट्रेलर उभे असतात. त्यांवर हजारो डॉलरची सवलत दिली जाते. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणी अशा खरेदीच्या विचारात असेल, तर ही सवलत कुठून येते आणि ती खरी किती, हे आधी समजून घ्यायला हवे.

साठा का साचला?

करोनाकाळात विमानप्रवास आणि हॉटेल टाळून अनेकांनी ट्रेलरचा पर्याय निवडला. २०२१ मध्ये अमेरिकी कारखान्यांतून ट्रेलर आणि मोटरहोम मिळून सुमारे ६ लाख वाहने डीलरांकडे रवाना झाली. हा विक्रम होता. यातील बहुतांश वाहने इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात तयार होतात. माल मिळत नसल्याने डीलरांनी भरपूर मागणी नोंदवून ठेवली होती. तो माल हाती येईपर्यंत ग्राहकांचा उत्साह ओसरला. शिवाय मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडरल रिझर्व्हने व्याजदर जवळपास शून्यावरून ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. कर्जे महागली आणि २०२३ मध्ये कारखान्यांतून निघालेल्या वाहनांची संख्या सुमारे ३ लाख १३ हजारांवर आली.

डीलर सवलत का देतो?

आवारात उभा असलेला ट्रेलर बहुधा डीलरने कर्जावर आणलेला असतो. या कर्जाला ‘फ्लोअर प्लॅन’ म्हणतात. समजा, एक ट्रेलर डीलरला ३० हजार डॉलरला पडला आणि व्याजदर ८ टक्के आहे. तो विकला गेला नाही, तर महिन्याला २०० डॉलर नुसते व्याजात जातात. ट्रेलर ठरावीक काळापेक्षा जास्त पडून राहिला, तर कर्ज देणारी संस्था मुद्दलाचाही काही भाग परत मागते. त्यात नवे मॉडेल आले, की जुन्याकडे पाहणारे ग्राहक आणखी घटतात. म्हणूनच मुक्कामाचा हंगाम संपल्यावर, म्हणजे शरद ऋतू आणि हिवाळ्यात, घासाघीस करणाऱ्या ग्राहकाचे पारडे जड असते.

सवलत कशाच्या तुलनेत मोजायची?

इथेच अनेकांची फसगत होते. ‘छापील किमतीवर ३० टक्के सूट’ हा आकडा मोठा दिसतो. पण ट्रेलर सहसा छापील किमतीला विकले जातच नाहीत. नव्या मॉडेलवरही सूट मिळते. त्यामुळे तुलना दोन गोष्टींशी करावी. पहिली, त्याच प्रकारच्या नव्या मॉडेलची प्रत्यक्ष विक्रीकिंमत आणि दुसरी, त्याच वर्षाच्या वापरलेल्या ट्रेलरचा बाजारभाव. पुढे विकताना खरेदीदार मॉडेलचे वर्ष पाहतो. तुम्ही तो कधी घेतला, याला फारसे महत्त्व नसते. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल घेतले, तर दोन वर्षांची घसरण पहिल्याच दिवशी तुमच्या खात्यात जमा होते. सवलत किमान तेवढी तरी हवी. शिवाय तयारी शुल्क, कागदपत्र शुल्क आणि कर धरून अंतिम रक्कम लेखी मागावी.

कर्ज घेतल्यास काय?

हप्ता कमी दिसावा म्हणून ट्रेलरसाठी १५ वर्षांपर्यंतची कर्जे दिली जातात. ३० हजार डॉलरचे कर्ज ८ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २८७ डॉलर होतो. तीन वर्षांत १० हजार ३०० डॉलर भरूनही सुमारे २६ हजार ५०० डॉलर बाकी राहतात. तोपर्यंत ते मॉडेल पाच वर्षांचे झालेले असते. त्याची किंमत बाकी कर्जापेक्षा कमी असेल, तर विकताना उरलेली रक्कम खिशातून भरावी लागते.

न वापरलेला ट्रेलर खराब होतो का?

होतो. किलोमीटर वाढले नाहीत, तरी ऊन, पाऊस आणि बर्फ लागतच असतो. छताच्या सांध्यांवरचे सीलंट तडकते आणि पाणी आत झिरपते. भिंत फुगलेली, लादी मऊ लागणारी किंवा कपाटात कुबट वास असलेला ट्रेलर कितीही स्वस्त असला तरी टाळावा. चार्ज न केलेल्या बॅटरीची क्षमता घटते. टायरच्या बाजूवरील सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२२ म्हणजे २०२२ चा २३वा आठवडा. ट्रेलरच्या बाह्यभागावरील लेबलवर निर्मितीचा महिनाही असतो. पुढच्या वर्षाचे मॉडेल अनेकदा आदल्या वर्षाच्या मध्यावरच बाजारात येते, त्यामुळे ट्रेलर मॉडेलच्या वर्षापेक्षाही जुना असू शकतो.

वॉरंटी कधीपासून मोजतात?

साधारणपणे पहिल्या ग्राहकाने खरेदी केल्याच्या दिवसापासून. मात्र हा नियम सर्वत्र सारखा नाही. फ्रिज, एसी आणि टायर यांच्या वॉरंटी वेगळ्या असतात. त्यामुळे प्रत्येकीची तारीख कंपनीकडून लेखी घ्यावी. ट्रेलर आधी भाड्याने दिला होता का किंवा कोणी परत केला होता का, हेही विचारावे. वाहनाचा १७ अंकाक्षरी क्रमांक अमेरिकी वाहतूक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर टाकला, की दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा आदेश प्रलंबित आहे का, ते विनामूल्य कळते. ताबा घेण्यापूर्वी स्वतंत्र तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेण्याची अट करारातच घालावी.

भारतातील ग्राहकांसाठी यात काय?

डिसेंबरमध्ये आपल्याकडे मोटारींवर मिळणाऱ्या सवलतीमागेही असेच गणित असते. १ जानेवारीला शोरूममधील गाडी ‘गेल्या वर्षीची’ होते. नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेले असते आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात तेच पाहिले जाते. दहा-बारा वर्षे गाडी वापरणाऱ्याला या फरकाची झळ कमी बसते. तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याने मात्र सवलतीतून पुनर्विक्रीतील तोटा वजा करून मगच सही करावी.