बहिणीची ओवाळणी

छातीच्या हाडामागे थायमस नावाची लहानशी ग्रंथी असते. हाडांच्या मगजात जन्मलेल्या काही कोवळ्या पेशी या गुरुकुलात दाखल होतात. तेथे ‘नॉच’ हा संदेश मिळाला की त्या टी-पेशी होण्याच्या मार्गाला लागतात. १९९९ साली उंदरांत तो बंद पाडला, तेव्हा तेथे बी-पेशी तयार झाल्या! ‘इंटरल्युकिन-७’ हा दुसरा संदेश त्यांना जगवतो, वाढवतो.

काही बाळांच्या पेशी या संदेशाला जन्मतःच बहिऱ्या असतात. मग टी-पेशी तयार होत नाहीत आणि साधे पडसेही जिवावर बेतते. अशाच एका तान्ह्या मुलाला १९६८ साली अमेरिकेत त्याच्या बहिणीचा मगज दिला. तिच्या पेशींना संदेश ऐकू येत होता, बाळ वाचले.

वाचकहो, भाऊबीजेला ओवाळणी भाऊ घालतो. येथे ती बहिणीने घातली!